मदत हवी आहे: डकबिल व्हॉल्व्ह कमी दाबालाच गळतोय
पावसाच्या पाण्याच्या पाइपच्या तोंडाला रबरी डकबिल चेक व्हॉल्व्ह (बदकाच्या चोचीसारखी झडप; पाणी बाहेर सोडते, उलटं आत येऊ देत नाही) बसवायचाय. टेस्टिंगला उलट्या बाजूने ३ मीटर पाणी उभं केलं (साधारण ०.३ बार), तर चोचीचे ओठ घट्ट मिटतात, थेंबही येत नाही. पण पातळी अर्ध्या मीटरवर आणली की फटीतून बारीक धार सुरू! ओठ दाबून धरायला मागचं पाणीच कमी पडतंय, एवढं कळतं. रबर ईपीडीएम (तेलाने फुगणारं कृत्रिम रबर) आहे, पण इथे तेलाचा संबंध नाही, म्हणजे फुगण्याची शंका बाद. आता ओठ पातळ करू की कमी शोअरचं (शोअर म्हणजे रबराच्या कडकपणाचं माप), म्हणजे जास्त मऊ रबर घेऊ? फार मऊ केलं तर जास्त दाबाला ओठ आत उलटतील, ही धास्ती आहे. आणि गळती मोजण्याआधी तुम्ही किती वेळ थांबता? माझं रीडिंग सुरुवातीची १० मिनिटं हलतच राहतं.