दोन सर्जन, दोन मतं: मणके जोडायचे की नुसत्या नसा मोकळ्या करायच्या?

चालढकल: आईचा एल-४ मणका एल-५ वर थोडा पुढे सरकलाय, ग्रेड वन, आणि तिथे नसांची जागा अरुंद झालीय. दहा मिनिटं चालली की दोन्ही पाय लाकडासारखे होतात; बसली की ठीक. एक सर्जन म्हणतात, स्क्रू-रॉड टाकून मणके जोडा, फ्यूजनशिवाय पर्याय नाही. दुसरे म्हणतात, नसा मोकळ्या करू, जोडायची काही गरज नाही. एमआरआय मात्र एकच! माझं मन दुसऱ्यांकडे झुकतंय. चुकतेय का?

सरळरेषा: अजिबात नाही. २०१६ च्या स्वीडनमधल्या चाचणीत २४७ रुग्ण होते. नुसतं डिकॉम्प्रेशन (म्हणजे नसा मोकळ्या करणं) केलेले आणि सोबत फ्यूजनही केलेले, दोन वर्षांनी दोघांची तब्येत सारखीच. जोडलेल्यांचं ऑपरेशन लांबलं, रक्त जास्त गेलं, हा फरक. २०२१ मध्ये नॉर्वेने खास सरकलेल्या मणक्याचेच २६७ रुग्ण घेतले, निष्कर्ष तोच. शिवाय एक सांधा आवळला की शेजारच्यावर ताण येतो, काही वर्षांनी तो कुरकुरायला लागू शकतो.

मोडेन_पण: चाचण्या वाचून ऑपरेशन ठरवणारे पाहिले की माझी पाठ आपोआप दुखते. मी नुसतं डिकॉम्प्रेशनच करून घेतलं होतं. आठ महिने झकास. मग खुर्चीतून उठताना कमरेत काहीतरी घसरल्यासारखं व्हायचं. दीड वर्षात पुन्हा टेबलावर, या वेळी स्क्रूसकट, आणि जुन्या व्रणातून वाट काढताना नसांचं आवरण फाटलं ते वेगळंच. आणि २०१६ चीच अमेरिकेतली चाचणी का गाळलीत? चार वर्षांत पुन्हा ऑपरेशन: फ्यूजनवाले १४ टक्के, बाकीचे ३४.

सरळरेषा: गाळली नाही, पण ती जेमतेम ६६ जणांची. नॉर्वेत दोन वर्षांत तेच आकडे ९.१ आणि १२.५. तुम्हाला त्रास झाला हे वाईटच, पण तुमचा मणका म्हणजे ताईंच्या आईचा मणका नव्हे.

मोडेन_पण: नॉर्वेतला सरासरी मणकाही नव्हे.

तिसरीघंटा: तुमचं चालू द्या. ताई, पुढे-मागे वाकवून काढलेले, म्हणजे डायनॅमिक, एक्स-रे आहेत का? एमआरआय आडवं झोपवून काढतात. उभं राहिल्यावर, वाकल्यावर मणका किती हलतो ते त्यात दिसत नाही. तुमच्या दोन सर्जनांचं बिनसलंय ते बहुधा नेमकं इथेच. दुसरं, जास्त काय छळतं, पाय की कंबर? पायाचं दुखणं नस मोकळी केल्यावर बऱ्याचदा सुटतं. निव्वळ कंबरदुखीसाठी फ्यूजन हा कमी भरवशाचा सौदा. पहिल्यांना विचारा, "जोडलं नाही तर काय बिघडेल, आणि ते कशावरून?" "सरकलाय म्हणून" हे काही उत्तर नाही. हाडांची घनताही तपासा, ठिसूळ हाडात स्क्रू सैल होतात. (लघवी अडली किंवा पाऊल उचलेनासं झालं तर मात्र मतं गोळा करत बसू नका, थेट इमर्जन्सी गाठा.)

मोडेन_पण: हे पटलं. पहिल्या ऑपरेशनाआधी माझे असे एक्स-रे कोणी काढलेच नव्हते.

सरळरेषा: मग दोष डिकॉम्प्रेशनला का देताय?

चालढकल: फाइल उपसली. एक्स-रे एकच, तोही झोपवून काढलेला. पहिल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत शेवटच्या ओळीत 'डायनॅमिक एक्स-रे' लिहिलंय. अक्षर असं की आम्हाला ते औषध वाटलं. औषधवाल्याला दाखवलं, तो म्हणाला, "हे सध्या येत नाही."