काचेवरचे पांढरे ठिपके

बोअरच्या पाण्याने गाडी धुतल्यावर काचेवर राहिलेले पांढरे ठिपके शांपूनेही जात नाहीत, असं वर एकांनी लिहिलंय. जाणारच नाहीत, कारण तो मळ नसून पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार आहेत. त्यांना आम्ल लागतं. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घ्या, त्यात भिजवलेलं मायक्रोफायबरचं फडकं डागांवर दोन-तीन मिनिटं ठेवा, हलकं चोळा आणि भरपूर पाण्याने धुवा. गाडी सावलीत हवी, काच गार हवी. फार जुन्या डागांना सेरियम ऑक्साइडची पेस्ट लागते. चष्म्याच्या काचांनाही तिनेच पॉलिश करतात.

धूळ कोरड्या फडक्याने पुसायची सवय मात्र कृपा करून सोडा. धुळीत वाळूचे कण असतात आणि ते काचेहून कठीण. त्यांनी पडलेले ओरखडे दिवसा दिसत नाहीत, रात्री पावसात समोरच्या गाडीचा प्रकाश पडला की सगळी काच पांढुरकी होते. मला घाटात याचा फार त्रास झालाय.

पाणी झटकणारं लेपन मी मेअखेरीस लावतो, पण काच पूर्ण तेलविरहित करूनच. वायपरचं रबरही त्याच दिवशी ओल्या फडक्याने पुसून घ्या.