‘धिस इज अमेरिका’: आधी अर्थ शोधायचा की आधी नीट बघायचं?
(सांगली-मिरज भागातल्या चौघांची चर्चा)

गावभाग
चाइल्डिश गॅम्बिनो म्हणजेच अमेरिकी रॅपर डोनाल्ड ग्लोव्हरचा 2018 चा हा गाण्याचा व्हिडिओ परवा कॉलेजच्या मुलांसोबत पाहिला. संपायच्या आत मुलं मोबाइलवर अर्थ शोधायला लागली. पहिली गोळी झाडतानाची ग्लोव्हरची वाकडी पोझ म्हणजे जिम क्रो, मागून जाणारा पांढरा घोडा म्हणजे बायबलमधला मृत्यू. झालं, कोडं सुटलं, विषय संपला. असल्या याद्यांनी व्हिडिओ मरतो, असं माझं ठाम मत आहे. पुढे ग्लोव्हर आणि गणवेशातली मुलं नाचतात, मागे पळापळ, दंगल. आपली नजर मात्र नाचावरून हलत नाही. दिग्दर्शक हिरो मुराईने पकडलंय ते आपल्या या नजरेला. ते कळायला तळटीप कशाला?

विश्रामबाग
अजिबात पटलं नाही. 1843 साली आपल्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हा शिवधनुष्य म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागलं नाही. ते प्रेक्षकांच्या घरातलंच होतं. जिम क्रो आपल्या घरातला नाही. 1830 च्या सुमारास टी. डी. राइस हा गोरा नट तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची टिंगल करायचा, त्या पात्राचं हे नाव. पुढे वंशभेदाच्या कायद्यांनाही तेच चिकटलं. हे माहीत नसेल तर आपण ती पोझ बघून हसतो, म्हणजे थेट राइसच्या प्रेक्षकांत जाऊन बसतो.

गावभाग
पोझचं मान्य. पण बंदुकीचं बघा. गोळी झाडल्यावर बंदूक अलगद लाल कापडावर घेतली जाते आणि प्रेत फरफटत नेलं जातं. दसऱ्याला शस्त्रपूजा केलेल्या माणसाला इथे आणखी काय समजावायचं?

विश्रामबाग
दसरा तुम्ही त्यात घातलात, त्यांच्या मनात तो नव्हता. आपल्याकडे शस्त्र पुजतात ते त्याच्यामागे कष्ट आणि संरक्षण आहे म्हणून. तिथे बंदुकीला माणसापेक्षा जास्त जपतात, हा आरोप आहे. दोन्ही एक करू नका.

हरिपूर
याद्यांचा एक धोका मलाही दिसतो. गोळी लागणारा गिटारवाला म्हणजे 2012 साली फ्लोरिडात मारल्या गेलेल्या ट्रेव्हॉन मार्टिन या कृष्णवर्णीय मुलाचे वडील, असं लोकांनी बिनधास्त पसरवलं. तो कॅल्विन द सेकंड नावाचा कलाकार निघाला. अर्थ लावायच्या घाईत एका खऱ्या बापाचं दुःख वापरलं गेलं, याचा मला राग येतो.

मिरजकर
सगळे डोळ्यांचंच बोलताय, कानांचं कोण बोलणार? सुरुवातीला गिटार आणि कोरसचे मोकळे, गोड सूर. गोळी सुटते त्याच क्षणी खालून ट्रॅपचा, म्हणजे रॅपच्या एका प्रकाराचा, जड ठेका येतो. गायकवृंदावर गोळ्या झाडल्या जातात तेव्हाही तेच. गोडवा आणि हिंसा एकाच गाण्यात नांदतात, हे आवाज बंद करून पाहणाऱ्याला कधीच कळणार नाही.

गावभाग
मिरजकर, हे फार मोलाचं. पुढच्या वेळी मुलांना आधी काहीच न सांगता दाखवेन, डोळे मिटून एकदा ऐकायला लावेन आणि मग बोलू.

विश्रामबाग
निदान अमेरिकेतल्या चार्ल्सटन शहराचं तरी आधी सांगा. 2015 च्या जूनमध्ये तिथल्या चर्चमध्ये बायबल वाचायला जमलेल्या नऊ कृष्णवर्णीयांना एका वर्णद्वेष्ट्याने मारलं. गायकवृंदाचा प्रसंग पाहून अनेकांना तेच आठवलं. ही माणसं कोण होती हे न सांगता तो प्रसंग मुलांना नुसता धक्का म्हणून दाखवायला माझा विरोध आहे.