गोल्डस्मिथिंग परदेशात शिकायचंय, पोर्टफोलिओत काय टाकू?

हुपरीचा_पोरगा:
नमस्कार मंडळी. घरी पैंजणाचं काम, तार ओढणं, डाक देणं (सांधे जोडणं), घुंगरू बसवणं सगळं हाताला येतंय. जर्मनीत म्युनिकची कला अकादमी नाहीतर इंग्लंडात बर्मिंगहॅम, असं डोक्यात आहे. पण तिथल्या पोरांचं काम बघितलं की कळतच नाही, रबर काय, प्लास्टिक काय, गंजका पत्रा काय. पप्पा म्हणतात हे शिकायला एवढ्या लांब? आपली पैंजणाची डिझाइन्स टाकली तर चालतील का?

बांगडीवाली:
रबरवरून आठवलं, ओटो क्युन्झली या दागिने करणाऱ्या कलाकाराची १९८० ची बांगडी सर्च कर. काळी रबरी नळी, आत सोन्याची गोळी, बाहेरून नुसता फुगवटा दिसतो, सोनं दिसतच नाही. नाव काय तर 'सोनं आंधळं करतं'. हाच माणूस पुढे १९९१ ते २०१४ म्युनिकला प्रोफेसर होता, म्हणजे तिथे काय बघतात याचा अंदाज घे. कॅटलॉगसारखे फोटो नको टाकूस, एकच पैंजण घे आणि त्याच्या मागे लाग, त्याचा आवाज काढून टाक, नाहीतर नुसता आवाजच ठेव. स्केचेस आणि फसलेले नमुनेपण टाक.

ऐरण_हातोडा:
मला हे अर्धंच पटतं. कल्पना भन्नाट आणि डाक उघडलेली, असं पण खूप बघितलंय. तुझा हात तयार आहे तर बर्मिंगहॅम बघ, तिथली दागिन्यांची शाळा १८९० मध्ये व्हिटोरिया स्ट्रीटवर, ज्वेलरी क्वार्टर या सोनारांच्या भागातच सुरू झाली, त्या भागात सगळे कारागीर. आणि सिल्व्हरस्मिथिंग म्हणजे मुख्यतः भांडी बरं का. सपाट पत्रा ठोकत ठोकत वाटी उभी करायची, चांदी कडक झाली की तापवून मऊ करायची, परत ठोकायचं. ९२.५ च्या चांदीत तांबं असतं, जास्त तापवलीस तर पॉलिश केल्यावर आतून जांभळट डाग वर येतो आणि तो घासून काढता काढता जीव जातो. एक वाटी करून बघ आणि तीच टाक.

युरोवाला:
खर्चाचं पण बोला की कोणीतरी. जर्मनीच्या व्हिसाला ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (पैसे अडकवून ठेवायचं बँक खातं) २०२५ मध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागत होते. जर्मन आत्तापासून सुरू कर. अॅडमिशनच्या आधी जमलं तर म्युनिकचं 'श्मुक' हे दागिन्यांचं प्रदर्शन बघ, १९५९ पासून भरतंय, हस्तकलेच्या मोठ्या जत्रेत असतं.

हुपरीचा_पोरगा:
लय भारी, धन्यवाद सगळ्यांना. पप्पांना ती रबरी बांगडी दाखवली, पहिला प्रश्न, गोळी किती ग्रॅमची? वाटीसाठी पत्रा किती गेजचा (जाडीचा) घेऊ, ऐरणदादा?