२०१६ ची वॅगनआर, ई२० पेट्रोल आणि घसरलेलं ॲव्हरेज. आधी काय करू?

नमस्कार मंडळी, थोडं लांबतंय, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हालाही नीट सांगता येणार नाही म्हणून लिहिते.

आमच्याकडे २०१६ ची वॅगनआर आहे, १००० सीसी पेट्रोल, ७८ हजार किमी झालेत. गाडी बाबांची. गेल्या वर्षी त्यांना पॅरालिसिसचा झटका आला, तेव्हापासून मीच चालवते. रोजचं फिरणं साताऱ्यातल्या साताऱ्यात, मुलीची शाळा, माझं ऑफिस, भाजी, कुठलीच फेरी तीन-चार किमीच्या वर नाही, आणि महिन्यातून एकदा बाबांना पुण्याला डॉक्टरकडे न्यायचं. सगळं मिळून महिन्याला सहाशे किमीच्या आसपास.

त्रास असा की ॲव्हरेज खूप पडलंय, सकाळी पहिल्यांदा सेल्फ मारला की दोन-तीनदा मारावा लागतो, आणि पुण्याहून परत येताना खंबाटकीचा घाट चढताना (जाताना बोगदा आहे त्यामुळे कळत नाही) तिसऱ्या गिअरवर इंजिनातून बारीक खडखड आवाज येतो, डब्यात खडे हलवल्यासारखा. चेक इंजिनचा दिवा लागलेला नाही.

ॲव्हरेजचं मी अंदाजाने सांगत नाहीये. बाबांची सवय होती, प्रत्येक वेळी टाकी फुल करायची आणि किमी, लिटर, तारीख डायरीत लिहायची, ती डायरी अजून डॅशबोर्डच्या कप्प्यातच आहे आणि मीही लिहिणं सोडलेलं नाही. २०२१ मध्ये सरासरी १७.६ येत होतं, आता शेवटच्या चार टाक्या १५.२.

आता सल्ले बघा. आमचे नेहमीचे मिस्त्री म्हणतात हे सगळं इथेनॉलमुळे (ई२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल), प्रीमियम पेट्रोल टाका. सर्व्हिस सेंटरने इंजेक्टर क्लिनिंग, इंजिन फ्लश, थ्रॉटल बॉडी असं धरून साडेअकरा हजारांचं एस्टिमेट दिलं, गाडीला कुणी हात लावायच्या आधीच. आणि मामा म्हणतात सीएनजी किट बसव, साठ हजारात काम होईल. एका पगारात मला यातलं एकच काहीतरी जमणार आहे. गाडी विकायची नाही, बाबांना मागच्या सीटवर बसवणं-उतरवणं या गाडीत सोपं जातं, दार उंच आहे, त्यांना वाकावं लागत नाही. तेव्हा आधी कशाला हात घालू? आणि आमच्या गाडीला ई२० चालतं तरी का?

...

ताई, डायरीमुळे अर्धं काम झालंय, म्हणून त्याच आकड्यांवरून सांगतो. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडं पडणारच, ते खोटं नाही. पेट्रोलियम मंत्रालयानेच २०२५ मध्ये जुन्या गाड्यांसाठी ३ ते ६ टक्के घट सांगितली होती. तुमच्या १७.६ मधून ६ टक्के काढले तरी साडेसोळा राहायला पाहिजे. तुम्हाला १५.२ मिळतंय. म्हणजे सव्वा किमीच्या वर दुसरीकडेच कुठेतरी जातंय आणि ते कुठलंही महाग पेट्रोल भरून परत येणार नाही.

खडखडीचं तर उलटच आहे. इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे इंधन वेळेआधी न पेटण्याची क्षमता, पेट्रोलपेक्षा बराच जास्त, शंभराच्या वर, त्यामुळे आता पंपावर मिळणारं साधं ई२० च ९५ ऑक्टेनच्या आसपास आहे. इथेनॉलने नॉकिंग, म्हणजे ही खडखड, वाढत नाही, कमीच होतं. मग नॉकिंग का? एक म्हणजे गिअर. चार माणसं, एसी चालू आणि घाटात तिसऱ्यावर आरपीएम पडलेला असताना ॲक्सिलरेटर दाबला की हे छोटं तीन सिलिंडरचं इंजिन कण्हतं, दुसरा टाका, इंजिन जरा ओरडू दे, त्याने काही बिघडत नाही. दुसरं म्हणजे इंजिनात साचलेला कार्बन, रोज तीन किमी चालवून बंद केलेली गाडी कधी नीट तापतच नाही. प्लग शेवटचे कधी बदललेत ते डायरीत बघा. साधे निकेलचे असतील तर चाळीस हजाराला बदलायचे असतात, खर्च काही शेकड्यांतच. आणि एअर फिल्टर काढून उजेडात धरून बघा, उजेड पलीकडून दिसला पाहिजे.

पैसे न घालता आणखी दोन गोष्टी करा. गाडी थंड असताना हवा चेक करा, आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो, तोच धरायचा, पंपावरचा मुलगा सांगेल तो नाही. आणि दहा-पंधरा किमी चालवून आल्यावर चारही चाकांच्या रिमजवळ हात नेऊन बघा, जपून. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागलं तर तिथला ब्रेक धरतोय.

...

ई२० चालतं का, याचं माझं उत्तर. ई२० ला टिकतील असे पार्ट घालून बनवलेल्या गाड्या साधारण एप्रिल २०२३ पासूनच्या, तुमची त्याच्या आधीची. चालते, पण रबराचे पाइप आणि गॅस्केट यावर लक्ष ठेवा. मंत्रालयाच्याच खुलाशात होतं की काही जुन्या गाड्यांमध्ये वीस-तीस हजार किमी वापरानंतर असे पार्ट बदलावे लागू शकतात. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर थांबू नका, लगेच दाखवा. इथेनॉल पाणी ओढून घेतं, त्यामुळे पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवून उभी करू नका.

सीएनजीचा हिशोब मांडला मी. पेट्रोल १०४ धरलं तर तुम्हाला किमीला पावणेसात रुपये पडतात, सीएनजी ९२ आणि किलोला २४ किमी धरलं तर पावणेचार-चार. सहाशे किमीला महिन्याला सतराशे-अठराशे वाचतील, साठ हजार फिटायला जवळजवळ तीन वर्षं. शिवाय आरटीओत आरसीवर नोंद, इन्शुरन्सला कळवणं, दर तीन वर्षांनी टाकीची टेस्ट. आणि डिक्की जाणार. बाबांची व्हीलचेअर असेल तर ती कुठे ठेवणार?

आणि ताई, ऑइल कधी बदललंत?

...

दोघांचेही मनापासून आभार. व्हीलचेअरचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं, ती डिक्कीतच असते, त्यामुळे सीएनजी विषय संपला.

ऑइलचं उत्तर द्यायला वाईट वाटतंय. चौदा महिने झाले होते. किमी अजून दहा हजार झाले नव्हते म्हणून मी थांबले होते, दहा हजार किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, हे डायरीच्या पहिल्याच पानावर बाबांनी लिहून ठेवलंय आणि मी ते पान कधी उघडलंच नाही. प्लग ३१ हजाराला बदललेले, म्हणजे ४७ हजार किमी चाललेत.

रविवारी सगळं करून घेतलं. चारही टायरमध्ये २४-२५ च हवा होती. मागचं उजवं चाक खरंच गरम लागलं, ड्रम उघडला तर ब्रेक शू धूळ आणि गंजाने अडकून बसला होता, घासून साफ करून बसवला. ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, तीन प्लग, मजुरी मिळून ४,३०० रुपये. मिस्त्रींनाही डायरीचे आकडे दाखवले, ते शांतपणे बघत बसले आणि म्हणाले बरोबर आहे तुमचं. काल पुण्याला जाऊन आले, साधंच पेट्रोल, टाकी ते टाकी १६.९. हायवेचं असल्यामुळे थोडं जास्त आलं असेल, गावातल्या फिरण्याचा आकडा अजून यायचाय. खंबाटकीला दुसरा गिअर ठेवला, आवाज नाही. बाबा मागे बसले होते, बोलता येत नाही अजून नीट, पण घाट संपल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं.

आता राहिलं सकाळचं स्टार्टिंग. बॅटरी चेक केली, ती चांगली आहे. मात्र एक कळलं, चावी ऑन करून दोन-तीन सेकंद थांबलं, मागून टाकीतल्या पंपाचा घुं आवाज येऊन थांबला की मग सेल्फ मारला, की एकदाच मारल्यावर गाडी चालू होते. म्हणजे रात्रभरात लाइनमधलं पेट्रोलचं प्रेशर उतरतंय असं मिस्त्री म्हणतात. या गाडीत पेट्रोलचा फिल्टर टाकीतच पंपाबरोबर असतो ना? मग नुसता फिल्टर बदलून भागतं की अख्खा पंपच घ्यावा लागतो? कुणी या मॉडेलला बदलून घेतला असेल तर सांगा, तोवर मी रोज सकाळी तीन सेकंद थांबते आहे.