मदत हवी आहे: ट्रेलर मागून शेपूट हलवतोय, शनिवारी निघायचंय

सामान_भरलंय:
पटकन मदत हवीये. शनिवारी पहाटे ताम्हिणीतून दिवेआगरला निघायचंय, पोरांना सांगून झालंय. परवा कोल्हापूरहून येताना कात्रजचा नवा बोगदा संपला आणि नवले ब्रिजचा उतार लागला तसा मागचा ट्रेलर डावी-उजवीकडे झोलायला लागला, आधी थोडा, मग इतका की पिकअपचं ढुंगणच कोणीतरी धरून ओढतंय असं वाटलं. ब्रेक मारला तर आणखी वाढलं. कशीबशी कडेला घेतली, हात अर्धा तास थरथरत होते. गॅरेजवाला म्हणतोय पिकअपला मागे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) वाढवा, 18 हजार. वाढवू का?

डिझेलडबा:
गाडी कुठली, ट्रेलरचं वजन किती, त्याला ब्रेक आहेत का, स्पीड किती होता? डॉक्टरला फोन करून नुसतं "दुखतंय" सांगितल्यासारखं झालं हे.

सामान_भरलंय:
व्ही-क्रॉस. ट्रेलर एका अ‍ॅक्सलचा, चार जण झोपतात, बनवणाऱ्याने 1100 किलो सांगितलंय. ब्रेक आहेत. 70-75 असेल. पाट्यांचं सांगा ना.

वाकडी_वाट:
1100 रिकामा का भरलेला? आणि त्या उतारावर 75?? तिथे ट्रकवाले न्यूट्रल टाकून काय करतात ते पेपरात वाचता ना?

घाटवेडा:
मिस्टरांना म्हणावं हिलक्स घ्या. 2.8 डिझेल, ऑटोमॅटिकला 500 एनएम टॉर्क. माझ्या मेव्हण्याकडे आहे, काय ओढते!

सामान_भरलंय:
गाडी मी चालवते. मिस्टर शेजारी बसून स्कोअर बघत होते.

डिझेलडबा:
आणि ओढायचा प्रॉब्लेम कुठेय, आवरायचा आहे. उतारावर 500 एनएम घेऊन काय पूजा करायची?

घाटवेडा:
झोल सुरू झाला की अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा, ट्रेलर आपोआप सरळ होतो. स्वानुभव.

डिझेलडबा:
कृपया हे कोणीही करू नका. स्पीड वाढला की झोल वाढणारच. पाय काढायचा, स्टीअरिंग सरळ घट्ट धरायचं, ट्रेलरच्या मागे लागून इकडे तिकडे फिरवायचं नाही, स्पीड आपोआप पडू द्यायचा. आणि उतार लागायच्या आधीच खालचा गिअर, लागल्यावर नाही. तुमचा मेव्हणा अजून धड आहे ही त्याची पुण्याई.

आरटीओ_अभ्यासक:
कागदपत्रं बघा आधी. 750 किलोपर्यंतचा ट्रेलर टी-1 वर्गात, त्याच्या वर साडेतीन टनांपर्यंत टी-2. शिवाय बुलगार्डविरुद्ध केंद्राने 2017 मध्येच राज्यांना पत्र पाठवलंय.

वाकडी_वाट:
बुलगार्ड पुढे असतो हो, ह्यांचा हुक मागे आहे. त्याचा झोलण्याशी काय संबंध?

आरटीओ_अभ्यासक:
संबंध नाही, माहिती म्हणून दिली.

ऊसवाले_काका:
ताई, बैलगाडीत मागे जास्त माल भरला की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून उचलतं. तुमचं तेच झालंय. ट्रेलरचं नाक हुकावर दाबून बसलं पाहिजे, भरलेल्या वजनाच्या 10 ते 15 टक्के. पाटे वाढवून पिकअपचं ढुंगण वर येईल, नाकाचं वजन वाढणार नाही. पाण्याची टाकी कुठंय?

सामान_भरलंय:
मागच्या बेडखाली. 100 लिटर. आणि मागच्या कॅरिअरला दोन सायकली. जनरेटर पण मागेच, आवाज नको म्हणून 🙈

ऊसवाले_काका:
100 लिटर म्हणजे 100 किलो, आणि ते अ‍ॅक्सलच्या पार मागे. मग काय! आता असं करा. ट्रेलर सपाट जागी लावा, हुकाखाली ठोकळा देऊन घरच्या वजनकाट्यावर टेकवा. काटा पुरणार नसेल तर एक मजबूत फळी घ्या, एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर, दोन्ही टेकूंत तीन फूट अंतर. हुकाचा भार विटेपासून एक फुटावर द्या आणि आकड्याला तीनने गुणा. चाकांना अडण लावायला विसरू नका.

सह्याद्री_सफर:
दिवेआगरला मोदक कुठे चांगले मिळतात कोणी सांगेल का?

सामान_भरलंय:
काका!! वेब्रिजवर भरलेला ट्रेलर 1420 निघाला. आणि नाकाचं वजन 38. अडतीस! म्हणजे निदान 142 हवं होतं ना? टाकी रिकामी केली, पाणी तिकडेच भरू. सायकली पिकअपच्या हौद्यात, जनरेटर आणि डबे अ‍ॅक्सलच्या पुढे. आता फळीवर काटा 48 दाखवतोय, गुणिले तीन 144. एकूण वजन तर कमीच झालंय.

डिझेलडबा:
मस्त. हुकाच्या प्लेटवर उभ्या वजनाची लिमिट असते, ती ओलांडत नाही ना बघा. आणि ब्रेक आहेत म्हणालात ते कसले? ढकलल्यावर लागणारे असतील तर कपलिंगजवळ रिव्हर्सची खिटी असते, ती निघालेली आहे ना?

सामान_भरलंय:
...खिटी आतच होती. कोल्हापुरात मामांच्या बोळात रिव्हर्स घेताना नवऱ्याने लावली होती, नाहीतर मागे जातानाही ब्रेक धरतात म्हणून. तशीच राहिली. म्हणजे अख्खा हायवे ट्रेलरचे ब्रेक बंद 😶

डिझेलडबा:
म्हणून ब्रेक मारल्यावर वाढलं. पिकअप थांबतोय, मागचे चौदाशे किलो ढकलतायत.

घाटवेडा:
तरी हिलक्सला हे झालं नसतं.

सामान_भरलंय:
आज संध्याकाळी मुळशी रोडला एक चक्कर मारली, साठला काडीमात्र हलला नाही. पाटे कॅन्सल. खिटीला लाल रिबन बांधलीये. ताम्हिणी साठच्या आतच उतरणार.

वाकडी_वाट:
साठ पण जास्त आहे ताम्हिणीत, तिथल्या वळणांना तीस-चाळीस ठेवा. बाकी एवढा ट्रेलर सोसायटीत लावता कुठे? आमचे चेअरमन सायकलला पण नोटीस काढतात.

सामान_भरलंय:
सासऱ्यांकडे, मांजरी गावात. त्यांनी त्यात कांदे ठेवलेत, ते काढायचे राहिलेत अजून. तीनही पोती मागे आहेत!