कोची: परदेशी सिनेगॉगच्या पलीकडे ज्यू वारसा कुठे पाहावा?

पांथस्थ: कोचीत दोन दिवस मिळणार आहेत. मट्टनचेरीच्या 'परदेशी' सिनेगॉगबद्दल (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) सगळीकडे वाचायला मिळतं, बाकीच्यांबद्दल फारसं नाही. ज्यू वस्ती उठून गेली, तर पाहायचं काय आणि कोणत्या क्रमाने? शनिवार-रविवार चालेल का?

वेलदोडा: शनिवार धरू नका. शब्बाथ (ज्यूंचा साप्ताहिक विश्रांतीचा दिवस) असतो, परदेशी सिनेगॉग बंद. शुक्रवारी दुपारनंतरही तेच, आणि शेजारचा मट्टनचेरी राजवाडा शुक्रवारी बंद असतो. कोचीजवळच्या पारवूर, चेंदमंगलम या गावांतली सिनेगॉग-संग्रहालयं सोमवारी बंद. म्हणजे मंगळवार ते गुरुवार यातले दोन दिवस घ्या. ज्यूंचे सणही आधी बघून ठेवा, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ते लागोपाठ येतात. गुडघे-खांदे झाकणारे कपडे हवेत, चपला बाहेर काढाव्या लागतात.

परदेशी सिनेगॉगच्या आत गेल्यावर आधी खाली बघा. निळ्या-पांढऱ्या चिनी फरशा अठराव्या शतकात कोचीचे ज्यू व्यापारी एझेकिएल रहाबी यांनी आणवल्या. लांबून सगळ्या सारख्या वाटतात, पण हाताने रंगवलेल्या आहेत. खाली वाकून शेजारशेजारच्या दोन फरशांवरची फांदी ताडून पाहा, फरक लगेच कळतो.

पेरियार_काठ: वरचं सगळं बरोबर, पण तेवढ्यावर थांबलात तर मोठा भाग सुटेल. १५६८ चं ते सिनेगॉग परदेशी ज्यूंचं, म्हणजे स्पेन-पोर्तुगाल आणि पश्चिम आशियातून नंतर आलेल्यांचं. संख्येने जास्त होते ते त्यांच्या आधीपासूनचे मलबारी ज्यू, आणि त्यांची सिनेगॉग होती सात. १९५० च्या दशकात ही गावंच्या गावं इस्रायलला गेली आणि इमारती मागे राहिल्या.

मट्टनचेरीत परदेशी सिनेगॉगच्याच गल्लीने दक्षिण टोकाला चालत जा. तिथलं कडवुंभागम सिनेगॉग २०१९ च्या पावसात बरंच कोसळलं, बाहेरूनच पाहा. त्याचं कोरीव लाकडी अंतरंग जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियममध्ये आहे. एर्नाकुलमचं कडवुंभागम मात्र दुरुस्त झालंय.

दुसरा पूर्ण दिवस पारवूरला द्या. इथे एक चूक हमखास होते: कोल्लम जिल्ह्यातही परवूर आहे. तुम्हाला हवं ते नॉर्थ पारवूर, एर्नाकुलम जिल्ह्यातलं. मेट्रोने आलुवा, पुढे बस. तिथल्या सिनेगॉगची दरवाजाची इमारत, मग खांबांची झाकलेली वाट, मग प्रार्थनागृह, अशी लांबलचक रचना आहे. वर माडीवर जा. केरळच्या सिनेगॉगमध्ये तोरा (ज्यूंचा धर्मग्रंथ) वाचायचा चौथरा, म्हणजे तेबा, दोन असतात: एक खाली मध्यभागी, दुसरा माडीवर, बायकांच्या जाळीच्या पुढ्यात. हे न कळता लोक खालूनच परत फिरतात. खालचा तेबा आणि हेखाल (तोरा ठेवायचं कपाट) प्रतिकृती आहेत, मूळ जेरुसलेमला.

सागरगड: मराठी वाचकांसाठी एक दुवा. मुंबईचं पहिलं सिनेगॉग १७९६ मध्ये बांधणारे सामुएल दिवेकर तोराच्या गुंडाळ्या मिळवायला कोचीला गेले आणि तिथेच वारले. कोकणातल्या बेने इस्रायलींना, म्हणजे मराठी ज्यूंना, धर्मशिक्षण देणारे कितीतरी शिक्षक कोचीहून आले होते. त्यामुळे आपल्याकडचे 'हेखाल', 'तेबा' हे शब्द तिथे कानावर पडले तर नवल नाही.

आणि परदेशी सिनेगॉगचा बाहेरचा दालनवजा भाग घाईने ओलांडू नका. ज्यू घरांतल्या गुलामीतून मुक्त झालेल्या ज्यूंच्या वंशजांना आतल्या बाकांवर जागा नव्हती, ते तिथे किंवा जमिनीवर बसत. त्याविरुद्ध वकील ए. बी. सालेम यांनी सिनेगॉगातच सत्याग्रह केला होता. सुंदर फरशांबरोबर हेही पाहायलाच हवं.

पांथस्थ: मग बुधवार-गुरुवार नक्की. पारवूरनंतर वेळ उरला तर?

पेरियार_काठ: चेंदमंगलम, पारवूरहून रिक्षाने. आत जाण्याआधी सिनेगॉगसमोर उभी केलेली शिळा शोधा: सारा बत इस्रायल (इस्रायलची मुलगी सारा), १२६९. भारतात सापडलेल्या सर्वांत जुन्या हिब्रू थडग्यांच्या शिळांपैकी ती आहे. अक्षरं झिजलेली आहेत, ऊन तिरपं असताना जास्त स्पष्ट दिसतात, म्हणून दुपारी चारच्या सुमारास पोहोचा.